पंचविसावा आरा

१९८८ ची गोष्ट. पांढुर्ण्याला आमच्या घराच्या छपरीत मी एक लाकडी चक्र मांडीवर घेऊन बसलो होतो आणि त्याचे आरे मोजत होतो... पंचवीस. पुन्हा मोजले. पंचवीसच!

हवे होते चोवीस. मोहल्ल्यात नवीन बुद्धविहार बांधून होत आला होता आणि दारावर लाकडी अशोकचक्र लावायचं ठरलं होतं. समितीतले लोक म्हणत होते, नागपूरहून करून आणू. आमचे बाबा आयुष्यभर दुसऱ्यांच्या संत्राबागेत राबलेले, सभेत कधी तोंड न उघडणारे... ते चक्क उभे राहिले आणि म्हणाले, "माहा पोरगा मशीन बनवून राहिला. थो करून देईन."

आता ते मशीन म्हणजे काय... एका मासिकात सीएनसीबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं कोरकाम करणाऱ्या यंत्राबद्दल वाचून मी घरीच मांडलेला जुगाड. टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर, एक ड्रिल आणि चकती फिरवायला स्टेपर मोटर. ही मोटर पंख्यासारखी गरगर फिरत नाही, एकेक स्टेप मोजून फिरते.

मोटर निवडतानाच माझं डोकं भंजाळलं होतं. नागपूरला भंगारवाल्याकडे दोन निघाल्या. एक चकचकीत, एका फेरीत दोनशे स्टेप घेणारी. दुसरी जाडजूड, कळकट, एका फेरीत जेमतेम अठ्ठेचाळीस. जितक्या बारीक स्टेप तितकं काम अचूक, असं कोणीही म्हणेल ना... मी चकचकीत लावली आणि कळकट कोपऱ्यात टाकली.

कॉम्प्युटरला सांगितलं होतं, आठ स्टेप फिर, थांब, आरा कोर, पुन्हा आठ स्टेप... फेरी पूर्ण होईपर्यंत. मग हा जास्तीचा आरा आला कुठून?

आई कणकेचा हात पुसत आली, एकेका आऱ्यावर बोट ठेवून तिनंही मोजलं. "एक जास्तीचा हाये बाप्पा!" तेवढ्यात समितीतले एक काका जय भीम करत आत आले. त्यांनीही मोजलं आणि म्हणाले, "काय इंजिनीअर, एक आरा फुकटात देऊन राहिला का?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला कळलं. बाबा कामावरून आले, चक्राकडे पाहिलं आणि हातपाय धुवायला गेले. त्यांनी चारचौघांत दिलेला शब्द आता माझ्यामुळे खाली पडणार होता.

पुढचे दोन दिवस मी वायरी बदलल्या, व्होल्टेजला शिव्या घातल्या, सगळा प्रोग्राम पुन्हा टाइप केला. पंचवीस! शेवटी वैतागून साधा भागाकार करून पाहिला. दोनशे भागिले चोवीस... आठ आणि वर थोडं. मोटरला अर्धीमुर्धी स्टेप घेता येत नाही, म्हणून ते 'वर थोडं' मीच सोडून दिलं होतं. एवढ्याशानं काय होतंय म्हणून!

पण चोवीस वेळा सोडलेलं ते थोडं थोडं साठून अख्ख्या एका आऱ्याची जागा उरली होती, आणि मशीननं इमानदारीत तिथेही एक आरा कोरला होता. मधेमधे नऊ स्टेप देऊन पाहिलं, तर चोवीस आले पण अंतरं वेडीवाकडी दिसायला लागली. विहाराच्या दारावर असलं चक्र लावायला मन धजेना.

मग नजर गेली कोपऱ्यातल्या कळकट मोटरकडे. अठ्ठेचाळीस भागिले चोवीस... दोन. बरोब्बर दोन! मी एकटाच मोठ्यानं हसत सुटलो. आईला वाटलं, पोरगं कामातून गेलं.

उद्घाटनाच्या दिवशी विहारात जो येईल तो आधी वंदन करायचा आणि मग मान वर करून चक्राचे आरे मोजायचा. काहींचे ओठ हलत होते, काहींची बोटं हवेत. सावरगावचे पाहुणेसुद्धा मोजूनच आत गेले... म्हणजे बातमी नदी ओलांडून तिकडेही पोचली होती.

बाबा मात्र चपलांपाशी उभे राहून लोकांना आत पाठवत होते, वर एकदाही पाहत नव्हते. मला राहवेना. विचारलं, "बाबा, तुम्ही नाही मोजले?"

"तुनं मोजले ना? मंग मी कायले मोजू?"

खरं सांगू? त्या सकाळपासून मी स्वतः कितीदा मोजले होते त्याला हिशेब नाही. माझा माझ्यावर नव्हता तेवढा विश्वास त्या माणसाचा माझ्यावर होता.