काय चुकलंय ते बोल

गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणं हा त्याचा धंदा, आणि ठोंब्या हे त्याचं नाव. नाव बापाने ठेवलेलं. बापही पत्राकामवालाच. पोराचा घाव जरा चुकला की हातोडीचा दांडा त्याच्या पाठीत घालायचा आणि म्हणायचा, "ठोंब्या, तुझ्या हातून या जन्मात काही धड होणार नाही." बाप मेला, वाक्य तेवढं मागे ठेवून गेला. नव्या गिऱ्हाइकालाही हा आपण होऊन सांगायचा, "मला ठोंब्याच म्हणा."

दुसरा कोणी हसला मात्र, की संपलं. एकदा सलूनमध्ये मागे बसलेले दोघे कशावरून तरी खिदळले. याला वाटलं, आपल्यालाच हसतात. उठला, एकाची मानगूट धरली आणि डोकं आरशावर आपटलं. आरसा फुटला, कपाळही फुटलं. पुढे मेहुण्याचे दोन दात पाडले. तो बिचारा एवढंच म्हणाला होता, "भावोजी, आज फार शांत शांत!" बायको म्हणायची, "तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी शब्द पाखडून घ्यावे लागतात."

मग ती दुपार आली. शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर दुरुस्त झालेली गाडी न्यायला गॅरेजमध्ये आला. दरवाज्यावरून तळहात फिरवत म्हणाला, "काय हात आहे हो तुमचा! कुठे चेपलं होतं तेच सापडत नाही."

ठोंब्याने मान वर केली. असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

"चेष्टा करतोस?"

"अहो, खरंच सांगतोय," म्हणत ड्रायव्हर हसला.

त्या हसण्याने घात केला. हातोडी खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या गॅरेजने ऐकला. ड्रायव्हर कोसळला तरी हा थांबेना. बरगड्यांत लाथा घालत ओरडत होता, "बोल, काय चुकलंय ते बोल!" चौघांनी मिळून त्याला मागे ओढला.

कोठडीच्या गजांपलीकडून बायकोने विचारलं, "असं म्हणाला तरी काय तो?"

"म्हणाला, काम चांगलं झालंय."

"मग?"



शिक्षा भोगून सुटला तो बायकोला घेऊन सरळ ड्रायव्हरच्या दारात. दार म्हातारीने उघडलं, ड्रायव्हरच्या आईने. तिने त्याला ओळखलं आणि हातातली काठी उगारली. खांद्यावर, मानेवर, कानावर. कानातून रक्त ओघळलं. तो मान खाली घालून उभा राहिला, आणि हळूहळू त्याचा चेहरा सैल पडला.

"आई, पुरे," आतून ड्रायव्हर आला. त्याचा एक हात लुळा लोंबत होता. "मार खाऊन याला बरं वाटतंय, बघ." मग ठोंब्याकडे वळला. "मोकळा व्हायला आलास ना? तुझ्या कामाबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. तेवढं ऐक आणि चालता हो."

दार धाडकन लागलं. ठोंब्या जिन्यातच बसला आणि स्वतःच्या थोबाडात मारत सुटला, एकामागून एक, ओठ फुटेपर्यंत. बायकोने त्याचं मनगट पकडलं.

"कोणाला मारतोयस?"

"ठोंब्याला."

"त्याच्याशी माझं लग्न झालंय. हात खाली घे."

एका दिवसात माणूस बदलत नाही. हाही बदलला नाही. परवाच गॅरेजमध्ये त्याने एका रंगाऱ्याची कॉलर धरली होती. पण हल्ली मूठ वळली की आधी विचारतो, "मला हसलास का?" बहुतेक जण गोंधळून "नाही" म्हणतात. मग तो नळाखाली डोकं धरून उभा राहतो, बोटं सुटी होईपर्यंत.