गोळ्या आणि गोया

त्या पोरीचा मला राग यायचा. कारण साधं होतं: पेशंट तिच्याशी बोलायचे. ती राजुऱ्याची, आमच्या चंद्रपूरच्या स्कॅन सेंटरला नुकतीच लागलेली डॉक्टर. मी पुण्याचा, तिचा सिनियर. सीटीची फिल्म वाचण्यात माझा हात धरणारं जिल्ह्यात कोणी नव्हतं. तरी माणसं माझ्यासमोर गप्प, आणि ती दिसली की सुरू!

एका दुपारी जिवतीकडची तरुण बाई आली. अचानक दम लागलेला, ओठ निळे. नवरा म्हणाला, "पोटात गोया हाये जी तिच्या, लय दिवसापासून." गोया म्हणजे गोळ्या, पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतेय, मी ताडलं. त्यांनी रक्त गोठतं, हे मला तोंडपाठ. शिरेतून रंग सोडून स्कॅन केला, तर फुफ्फुसाची धमनी बंद. "गुठळी!" मी फिजिशियनना फोन केला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तयार व्हायला लागलं.

"सर, थांबा ना," ती म्हणाली. "गोया म्हणजे गोळा. 'ळ'चा 'य' करतो आम्ही. पोटात गाठ आहे असं म्हणून राह्यला तो. आणि धमनीतलं हे बघा, गुठळीपेक्षा काळं आहे, स्कॅनमध्ये पाणी दिसतं तसं."

नवऱ्यासमोर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, मला शिकवतेस?" पण तिने तोवर सोनोग्राफी सुरूही केली होती. मी मागे उभा राहून मनात म्हणत होतो, काही नसू दे, हिचं नाक कापलं जाऊ दे.

लिव्हरमध्ये पाण्याची मोठी गाठ होती, कुत्र्यांच्या जंतांमुळे होते ती. एका बाजूने फुटलेली. तिचेच तुकडे शिरेतून वाहत फुफ्फुसात अडकले होते. इंजेक्शनने ते विरघळले नसतेच, उलट बाई रक्तस्रावाने गेली असती. पोरीने फोनवर ओरडून इंजेक्शन थांबवलं आणि बाईला ऑपरेशनसाठी नागपूरला पाठवलं. नवरा पोरीच्या पाया पडत होता. माझ्या पोटात दुखलं, दुसरं काय!

दोन-अडीच महिन्यांनी बाई स्वतःच्या पायांनी तपासायला आली. पोरगी रजेवर होती. नवी फिल्म मी लाइटवर लावली आणि कोपरा न् कोपरा धुंडाळला. कुठे एखादा तुकडा राहिला असेल, एखादी गाठ पोरीच्या नजरेतून सुटली असेल. काहीच नव्हतं. देवाशप्पथ सांगतो, मला वाईट वाटलं.

माझा पडलेला चेहरा पाहून बाई मटकन खाली बसली. "अजून हाये का जी?" म्हणाली, आणि रडायला लागली.