जमिनीवरचा दुसरा मजला

इस्पितळाच्या बांधकाम कचेरीत नकाशे काढणाऱ्या त्या बाईंना सगळे टेपबाई म्हणत. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण मोजायची टेप असायचीच. घरी सोफा घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी आधी बैठकीच्या खोलीत खडूने सोफा आखला आणि घरातल्यांना दोन दिवस त्याला वळसा घालून चालायला लावलं. सासूबाई पहिल्या दिवशी कुरकुरल्या. दुसऱ्या दिवशी शेजारीण येऊन नेमकी त्या रेघांच्या आत उभी राहिली, तेव्हा त्याच तिला म्हणाल्या, "अगं, सोफ्यावर पाय देऊ नकोस." सोफा आला तो ठरल्या जागी चपखल बसला. नवरा त्याच इस्पितळात रुग्णवाहिका चालवून निवृत्त झालेला. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, की आमच्याकडे पाहुणासुद्धा माप देऊन आत येतो.

इस्पितळ लष्कराचं होतं, नऊशे खाटांचं. पण ते कुणी एकदा बसून बांधलेलं नव्हतं. गरज पडली की एक इमारत, मग तिला एक पडवी, पडवीला पत्रा, पत्र्याखाली आणखी एक खोली, असं ते वाढत गेलं होतं. एक्स-रे एका टोकाला आणि ऑपरेशनची खोली दुसऱ्या टोकाला. मध्ये उघडं अंगण. पावसात जखमी माणसाला त्या अंगणातून न्यायचं म्हणजे दोघं खाट ढकलणार आणि तिसरा वर ताडपत्री धरून पळणार.

अखेर वरून मंजुरी आली: चार मजल्यांची नवी शस्त्रक्रियेची इमारत बांधायची आणि जुन्या इमारतींची दुरुस्ती करायची. त्यासाठी बाहेरून एक आर्किटेक्टबाई नेमल्या गेल्या. वय तिशीच्या आत-बाहेर, हुशार, बोलायला गोड. दोन वर्षं बैठका चालल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांना खिडकी नसलेली खोली हवी होती, दातांच्या डॉक्टरांना खिडकीच खिडकी. मुदपाकखान्याचा मुख्य प्रत्येक बैठकीत धुराड्याविषयी बोलायचा, विषय कोणताही असो. या दोन वर्षांत टेपबाईंनी सगळा जुना परिसर हाताने मोजून काढला, कारण कचेरीतले जुने नकाशे आणि जमिनीवरचं इस्पितळ यांचा एकमेकांशी संबंध उरला नव्हता. कागदावर असलेली एक कोठी त्यांना तीन दिवस शोधूनही सापडली नाही. उलट एक जिना सापडला, जो कुठल्याच कागदावर नव्हता आणि छपराखाली जाऊन नुसताच संपत होता.

बैठकीत त्या नकाशांची भेंडोळी घेऊन जायच्या, भिंतीला टाचायच्या आणि मागच्या खुर्चीवर बसायच्या. बोलायची त्यांना कुणी बंदी केली नव्हती. कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

त्या न बोलण्याचं एक ओझं मात्र त्यांच्या मनावर होतं. बावीस वर्षांपूर्वी, नोकरी नवी असताना, हाडांच्या वॉर्डाला एक दार त्यांनी साहेबांनी सांगितलं तिथे काढलं होतं. पेन्सिल टेकवतानाच कळलं होतं की हे वळण अडणार. आपण नव्या, आपल्याला काय समजतं, म्हणून गप्प बसल्या. तेव्हापासून पाय वजनाला टांगलेला प्रत्येक जवान त्या दारात आला की चार माणसं खाट उचलून तिरकी करत आणि तो तोंडात टॉवेल धरे. कचेरीची खिडकी त्या दारासमोरच होती. टेपबाईंनी खिडकीकडे पाठ येईल असं टेबल फिरवून घेतलं होतं. पण कानांना पाठ कुठली करणार?

म्हणून सतरा नंबरचा कागद, म्हणजे नव्या इमारतीचा दुसरा मजला, हाडांचा वॉर्ड, त्यांनी मंगळवारी हातात घेतला आणि आधी दारच शोधलं. लिफ्टपासून वॉर्डापर्यंतचा बोळ सहा फूट रुंद. वॉर्डाचं दार चार फुटी, काटकोनात. तीच चूक नव्या रंगात उभी होती. शनिवारी अकरा वाजता मोठे साहेब, म्हणजे इस्पितळाचे प्रमुख, सगळ्या बेचाळीस कागदांवर सह्या करणार होते. त्यानंतर कागद मुख्यालयात जाणार आणि मग एक वीटही हलणार नव्हती.

या वेळी त्या उठून आर्किटेक्टबाईंच्या टेबलाशी गेल्या. आर्किटेक्टबाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि संगणकावर खाट फिरवून दाखवली. खाट दारातून अलगद आत गेली.

"खाट सात फुटी आहे, काकू. कंपनीचं पुस्तक आहे माझ्याकडे."

कचेरीत काकू म्हटलेलं टेपबाईंना आवडत नसे, पण भांडण एका वेळी एकच करावं असा त्यांचा हिशेब होता. त्या म्हणाल्या, "पुस्तकातल्या खाटेवर कुणी झोपलेलं नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाच्या पायाला वजनं लावतात. खाटेच्या पायथ्याला लोखंडी चौकट बसते, तिला कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीला वजनं. ती बाहेर लोंबतात. सगळं धरून खाट नऊ फूट होते. आणि हलवताना वजनं काढता येत नाहीत, काढली तर हाड सरकतं.

आर्किटेक्टबाईंनी मेट्रनला बोलावून घेतलं, कारण वॉर्ड शेवटी मेट्रनच्या हाताखालचा. मेट्रन आणि टेपबाई वीस वर्षं एका डब्यात जेवत आलेल्या. पण बोळ रुंद करायचा तर जागा घ्यावी लागणार होती पलीकडच्या कपड्यांच्या कोठीतून, आणि त्या दहा फुटी कोठीसाठी मेट्रन दोन वर्षं भांडली होती. आजवर तिच्या चादरी न्हाणीघराच्या फळीवर राहात. तिने नकाशाकडे पाहिलं, टेपबाईंकडे पाहायचं टाळलं आणि म्हणाली, "उचलू की. आजवर उचलतोच आहोत."

त्या दिवशी टेपबाई एकट्या जेवल्या. बुधवारी त्यांनी विभागाच्या साहेबांना लेखी दिलं, गुरुवारी तो कागद "नोंद घेतली" असा शेरा घेऊन परत आला. घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, की एवढा वॉर्ड आखायला खडू किती लागेल. खडू पुरणार नाही, मैदानावर रेघा मारायची चुन्याची फक्की लागेल, असं टेपबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं की आपलं ठरलंय.

शुक्रवारी सकाळी सहाला दोघं रुग्णवाहिकांच्या शेडसमोरच्या मोठ्या फरशीवर हजर झाले. नवऱ्याच्या शब्दाखातर गाड्या मागे घेतल्या गेल्या. खेळाच्या मैदानाच्या माळ्याकडून फक्कीची दोन पोती आली होती. टेपबाईंनी पदर खोचला, नवऱ्याने टेपचं दुसरं टोक धरलं, आणि पावणेआठपर्यंत दुसरा मजला जमिनीवर उतरला. लिफ्ट, बोळ, कोठी, वॉर्ड, दाराची चौकट, सगळं खऱ्या मापात, पांढऱ्या रेघांत. हाडांच्या वॉर्डातला वॉर्डबॉय, सगळे ज्याला पैलवान म्हणत, जो बावीस वर्षं खाटा उचलत आला होता आणि ज्याची कंबर त्यापायी कायमची धरलेली होती, एक खाट आणि चौकट घेऊन आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

मोठे साहेब रोज पावणेआठला पायी फेरी मारत. ते थांबले. काय खेळ मांडलाय म्हणून त्यांनी विचारलं.

"खेळ नाही, साहेब. हा तुमचा दुसरा मजला."

साहेब दोन पावलं पुढे आले.

"साहेब, तुम्ही भिंतीतून आलात. दार तिकडे आहे."

शेडमधले चालक एकदम गाड्यांची चाकं तपासायला लागले. साहेबांनी खाली पाहिलं, बुटावरची फक्की पाहिली, मागे गेले आणि लिफ्टमधून रीतसर आत आले. तिथून पुढे गोष्ट सोपी झाली. त्यांनी आर्किटेक्टबाईंना आणि मेट्रनला निरोप धाडला.

दोघी आल्यावर आधी नुसती खाट फिरवली. ती गेली. आर्किटेक्टबाईंचा चेहरा खुलला. मग मेट्रनने स्वतः चौकट बसवली, कारण ते काम ती दुसऱ्या कुणाला करू देत नसे, आणि वजनं टांगली. टेपबाई म्हणाल्या, की यात कुणीतरी झोपायला हवं, रिकामी खाट कशीही जाते. सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. साहेबांनी टोपी काढून पैलवानाच्या हातात दिली आणि खाटेवर आडवे झाले. मेट्रनने त्यांचा पाय दोरीला बांधला.

पैलवानाने खाट ढकलली. बोळातून सरळ आली, दाराशी वळली आणि पायथा कोठीच्या भिंतीत गेला. मागे घेतली, तिरकी केली, डोक्याची बाजू लिफ्टच्या भिंतीत. तिसऱ्यांदा चाकं रेघ ओलांडून मेट्रनच्या कोठीत हातभर शिरली आणि वजनांना हिसका बसला. साहेबांच्या तोंडून जो शब्द निघाला तो लष्करात चालतो, छापता येत नाही. आणि त्यांचा पाय तर धडधाकट होता.

आर्किटेक्टबाई म्हणाल्या, मी ढकलून बघू का. त्यांनी चपला काढल्या आणि चार वेळा प्रयत्न केला, मनापासून केला. चौथ्या वेळी त्या थांबल्या. फरशीवर पांढरी चाकं उमटली होती, निम्मी भिंतीपलीकडे. हाडांच्या वॉर्डाच्या व्हरांड्यात आता कुबड्यांवरचे जवान जमले होते.

"किती हवं?" आर्किटेक्टबाईंनी विचारलं.

"दोन फूट," टेपबाई म्हणाल्या. "पण जागा माझी नाही."

सगळे मेट्रनकडे बघायला लागले. मेट्रन आपल्या कोठीत उभी होती. तिने भिंतींकडे पाहिलं, मग खाटेवर पाय बांधून पडलेल्या साहेबांकडे, आणि मग शेडमधून झाडू उचलून आणला. आपल्या हाताने तिने कोठीची रेघ पुसली. टेपबाईंनी नवी आखली, दोन फूट आत.

"फळ्या छतापर्यंत करून दे मला," ती टेपबाईंना म्हणाली. "आणि एक शिडी. मी चढेन."

या खेपेला खाट बोळातून आली, वळली आणि वजनं जराही न हलता दारातून आत गेली. एका हाताने ढकलली होती पैलवानाने. दुसऱ्या हातात साहेबांची टोपी होती. व्हरांड्यात कुबड्या जमिनीवर आपटायला सुरुवात झाली. आधी एक, मग सगळ्या. तो गलका ऐकून मुदपाकखान्याचा मुख्यसुद्धा झारा हातात घेऊन बाहेर आला.

साहेबांनी झोपूनच विचारलं, की उरलेल्या एक्केचाळीस कागदांचं काय. आर्किटेक्टबाई खरं बोलल्या. ते पुस्तकातल्या मापांवर काढलेत, म्हणाल्या, आणि मला ते जमिनीवर बघायचेत. टेपबाई मला दाखवणार असतील तर.

या वेळी त्या "काकू" म्हणाल्या नाहीत, हे टेपबाईंच्या लक्षात आलं.

शनिवारच्या सह्या एक महिना पुढे गेल्या. साहेबांनी उठून टोपी घातली आणि सांगितलं, की यापुढे प्रत्येक कागदावर "मापं तपासली" म्हणून एक रकाना असेल, त्यात टेपबाईंची सही असेल, आणि ती असल्याशिवाय माझी नसेल. मग ते दारातून बाहेर पडले. भिंत ओलांडायची त्यांची आता हिंमत नव्हती.

सतरा नंबरच्या कागदावर टेपबाईंनी दुपारी सही केली. बावीस वर्षांत नकाशावर केलेली त्यांची ती पहिली सही. जरा मोठीच झाली सही, रकान्याबाहेर गेली.

सोमवारी सकाळी सहाला त्या फरशीवर पोचल्या तेव्हा डोळ्यांचे डॉक्टर, दातांचे डॉक्टर आणि मुदपाकखान्याचा मुख्य आधीच उभे होते आणि आधी कुणाचं आखायचं यावरून त्यांच्यात जुंपली होती. मेट्रन एका बाजूला दोघींचा डबा घेऊन बसली होती. टेपबाईंनी पदर खोचला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आधी सगळ्यांना भिंतीबाहेर काढा. आणि माळ्याला सांगा, आणखी वीस पोती लागतील."