यंत्राला समजावणारे अर्जवाले

आमच्या शेजारच्या अर्जवाल्यांनी सांगितलेलं न समजणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, आणि त्यांचं सांगणं शेवटपर्यंत ऐकून घेणाराही. गेवराईच्या तहसिलीबाहेर टेबल टाकून त्यांनी उभी हयात लोकांचे अर्ज लिहिण्यात घालवली. समोरचा अडाणी नसतो, घाईत असतो, आणि घाईतला माणूस चुकीचं वाचतो, असा त्यांचा पक्का समज होता. त्यामुळे चहाचा कप पुढे करतानाही 'कान डावीकडं हाय, कप गरम हाय, बशी गरम न्हाई' एवढं सांगितल्याशिवाय ते हात सोडत नसत. त्यांच्या फाटकावर पाटी होती : 'बेल वाजते. एकदाच दाबावी. आतला माणूस चालत येतो.' एकदा मी घाईत दोनदा दाबली. दार उघडून त्यांनी आधी मला पाटी वाचायला लावली आणि मग आत घेतलं. काहीही सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, 'कावून?' डॉक्टरांनासुद्धा तोच. गोळी जेवणानंतर का, हे कळेपर्यंत ते खुर्चीवरून उठले नाहीत आणि बाहेर पेशंटची रांग जिन्यापर्यंत गेली.

अशा माणसाला पुण्याच्या एका कंपनीनं काम द्यावं, यात नवल नव्हतं. त्यांचा भाचा तिथे होता. क्रिप्टो म्हणजे हाताला न लागणारी नाणी. ती लोकांनी कंपनीकडे ठेवायची, कंपनीनं ती दुसऱ्यांना व्याजानं द्यायची, असा तो धंदा. ठेवलेली नाणी परत काढून द्यायचं काम माणूस करणार नव्हता, एआय एजंट करणार होता. लोक त्याच्याशी मराठीत बोलणार, म्हणून कोणतं अवजार, म्हणजे ठेव काढायची वगैरे कळ, कधी वापरायचं हे त्याला मराठीत लिहून द्यायचं होतं. घरात 'एजंट' शब्द ऐकून, कुणी माणूसच येणार समजून, त्यांच्या बायकोनं आठवडाभर जास्तीचा चहा टाकला. अर्जवाल्यांनी पहिलं पान लिहिलं ते 'मेहेरबान एजंटसाहेब यांचे सेवेशी' असं. मी हसलो तर म्हणाले, "हसू नका, सर. ह्याला लाज न्हाई, भीती न्हाई. लिवलं तेवढंच करतंय. म्हणून लिवणाऱ्यानं दोघांची लाज धरावी लागती." हे वाक्य मी तेव्हा गमतीनं घरी सांगितलं होतं.

मूळचा मी रत्नागिरीकडचा. इथल्या शाळेत वीस वर्षं मराठी शिकवलं, आणि दुसऱ्याचं मराठी दिसलं की लाल पेन काढायची खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. ते पान त्यांनी मला तपासायला दिलं. त्यांनी लिहिलं होतं : 'माणसानं स्वतः ठेवलेलं परत मागितलं, तरच हे अवजार वापरायचं. परत म्हणजे परतच. दुसरं काही मागितलं तर ठेवीला हात लावायचा नाही, आधी त्याला विचारायचं.' मला ते पाल्हाळ वाटलं. मी सगळं खोडलं आणि वर लिहिलं, 'उचल मागितल्यास ठेव काढून द्यावी.' आमच्या कोकणात माणूस बँकेतून पैसे उचलतो, म्हणजे स्वतःचेच काढतो.

"पण सर, उचल म्हंजे आपल्याकडं..." त्यांनी सुरुवात केली.

"अर्जवाले, मराठी मला शिकवू नका," मी म्हणालो.

त्यांनी पानाची घडी करून खिशात ठेवली. कावून, असंसुद्धा विचारलं नाही. मास्तरचा शब्द ते कधी मोडत नसत. बीड जिल्ह्यात उचल म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. माझ्या वर्गातली निम्मी मुलं दिवाळीनंतर गायब व्हायची, कारण त्यांच्या आईबापांनी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली असायची. काम व्हायच्या आधी हातात पडते ती उचल, हे वीस वर्षं हजेरीपटावर लिहीत आलेला माणूस मी. तरी लाल पेन हातात आलं की माझे कान बंद होतात.

रफीकभाई चौकात फळं विकतात. अर्जवाल्यांच्या शब्दाखातर त्यांनीही त्या कंपनीत नाणी ठेवली होती. आंब्याचा माल भरायला पैसा कमी पडला, तेव्हा त्यांनी फोनवर एजंटला सांगितलं, "माझ्या ठेवीवर थोडी उचल पाहिजे." ठेव तशीच ठेवून तिच्यावर थोडे आगाऊ पैसे, एवढंच त्यांना हवं होतं. एजंटनं पान पाळलं. मुदतीआधीच सगळी ठेव मोडली आणि दंड कापून उरलेलं हातावर ठेवलं. जिल्ह्यात सिरसाळा, युसूफ वडगाव, जिथे जिथे कुणी उचल मागितली तिथे हेच झालं. कंपनीनं एका निरोपात अर्जवाल्यांचं काम काढून घेतलं. निरोप फार सभ्य होता, बहुधा यंत्रानंच लिहिला असावा. 'स्थानिक लेखकाची चूक' असं मात्र त्यात स्वच्छ होतं.

रफीकभाई तहसिलीबाहेर आले, तेव्हा मी समोरच पानटपरीवर होतो. ते ओरडले नाहीत. "यंत्राला मी वळखत न्हाई, अर्जवाले," ते म्हणाले, "तुमाला वळखत होतो." अर्जवाल्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पानावर नाव माझं हाय, भाई. चूक माझी," एवढंच बोलले. शब्द माझा होता, हे सांगायला मला फक्त रस्ता ओलांडायचा होता. मी पान खाल्लं आणि घरी आलो. ज्याच्या लिहिण्यात आयुष्यात एक काना चुकला नाही, त्याच्याकडे आता अर्ज लिहून घ्यायला चार माणसंही येत नाहीत.

परवा पेन्शनच्या अर्जाचं निमित्त काढून मी त्यांच्याकडे गेलो. सगळं बोलून टाकायचं ठरवलं होतं. त्यांनी खुर्ची पुसून दिली, तब्येत विचारली, कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "तुमीच लिवा की, सर. तुमचं मराठी लई चांगलं हाय."

त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. ते मनापासून म्हणत होते.