एका घरचं एकच माणूस

आबांच्या काळी-पिवळीत एका घरातली दोन माणसं कधी बसली नाहीत. सख्खे भाऊ असोत की नवरा-बायको, कोणीतरी एकानंच यायचं. धरणगावहून जळगावच्या चटईच्या कंपनीत माणसं नेण्याचं काम आबांकडे होतं, आणि कामाला लावणारेही तेच. त्यामुळे गाडीत जागा मिळाली की नोकरी मिळाली, असं आमच्या गल्लीत सरळ धरलं जायचं.

लोक चिडायचे. एकाच घरातले दोघं कमावते झाले तर आबांच्या पोटात का दुखतं, असंही कोणी बोलून जायचं. आबा गिअर टाकता टाकता म्हणायचे, "कंपनी बंद पडनी तं आख्खं घर एक दिनमा बठी जाई. एक तठे, एक जिनिंगमा, एक वावरमा. मंग चूल चालस." एका उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून कंपनी खरंच बंद पडली. दुसऱ्या गाड्यांतली घरंच्या घरं तेव्हा कुलपं लावून निघून गेली. आमच्या गल्लीत ओढाताण झाली, पण गाव कोणी सोडलं नाही.

उपाशी माणसाला ते गाडीत घेत नसत. "भाकर खादी का?" हाच त्यांचा रामराम. नाही म्हटलं की पाळधीला गाडी थांबवून पोहे खायला लावायचे, मग उशीर झाला तरी बेहत्तर. मे महिन्यात खिडक्यांना ओली पोती बांधायचे. या गाडीची माणसं भर दुपारीसुद्धा पेंगत नाहीत, असं सुपरवायझर म्हणायचा. कौतुक आमचं व्हायचं, आबांचं नाव कोणी काढलं नाही.

मी बारावी झाले आणि वडील अंथरुणाला खिळले. माझा भाऊ आधीच गाडीत होता, म्हणजे आमच्या घरची जागा भरलेली. तरी शेजारी जाऊन मी आबांपुढे रडले. सोमवारी हाक मारून त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं. मागे कुजबुज सुरू झाली, तेव्हा न वळता म्हणाले, "नियम मोडा नही मी. हाई पोर मना घरनी शे."

त्या वाक्यानं मी केवढी हरखले होते. कंपनीच्या गेटवर उतरताना लक्षात आलं, पुढची सीट आबांच्या सुनेची, सुनंदावहिनीची होती. त्या घरचं एक माणूस म्हणजे ती. त्या दिवसापासून ती कापूस वेचायला जाऊ लागली. मला कधी वाकडा शब्द बोलली नाही. बोलली असती तर माझं मन हलकं तरी झालं असतं.

चटयांच्या कडा शिवता शिवता मी कंपनीच्या ऑफिसात आले, जळगावातच मेहरूणला घर झालं. आता नवी माणसं मीच घेते. मागच्या वर्षी वहिनीची मुलगी आयटीआय झाली. जवळपास काम मिळेना, म्हणून तिचं सुरतेला जायचं घाटत होतं. कळताच मी धरणगाव गाठलं. इतक्या वर्षांनी ती सीट परत करता येणार, या आनंदात होते.

"आबा, आमच्याकडे जागा आहे. पोरीला पाठवा."

आबा खाटेवर पडून होते. "तठे मना घरनं माणूस शे ना."

"कोण?"

"तू."

वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. आबांचा शब्द त्या घरात कोणी ओलांडत नसे. मी तुमच्या घरची नाही, एवढं म्हणायचा अवकाश, पोर आईजवळ राहिली असती. मला ते म्हणवलं नाही. मी चहा प्यायले आणि निघाले. पोर सुरतेला गेली.

यंदा आबा गेले. मी पोहोचले तेव्हा ती पोर अजून वाटेतच होती. अंगणात शेजारपाजारच्या बायका होत्या, त्यांच्यात मी टेकले. वहिनीनं आतून पाहिलं.

"तठे काय बठनी? घरन्या बाया आठे शेतस," ती म्हणाली, आणि सरकून तिनं मला जागा करून दिली.