कोपराखाली दोन मुठी

शेवंता सिस्टरांचा डोळा लागतोय न लागतोय. दुपारचे दोन वाजलेत. बाहेर आजऱ्याच्या उन्हात वाळूचा ढीग नुसता तापतोय, पण नव्या घराची फरशी गार आहे. तिच्यावर त्यांनी सिमेंटची रिकामी पोती झटकून अंथरली आहेत, उशाला पर्स घेतली आहे. गवंडी जेवायला गेलेत. निघताना सिद्राम गवंड्याने विचारलं होतं, "मग सिस्टर, ओटा तेहेतीस इंच धरू न्हवं? उद्या सकाळी कडप्पा बसवायचा हाय."

"धर बाबा," सिस्टर म्हणाल्या होत्या. "सगळ्यांचा असतो तसाच."

एवढं बोलताना त्यांनी काय सोडून दिलं ते सिद्रामला कळायचं कारण नव्हतं. सिस्टरांची उंची चार फूट सात इंच. छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून काढली, सात गावांची क्वार्टर्स पाहिली, आणि सातही ठिकाणी ओट्यापाशी एकतर पाटावर चढून नाहीतर टाचा उचलून भाकऱ्या थापल्या. लग्न केलं नाही, त्यामुळे वरच्या फळीवरचा डबा काढून द्यायलाही घरात कोणी नव्हतं. निवृत्तीनंतर हे दोन खोल्यांचं घर बांधायला काढलं ते एकाच हट्टापायी. यातलं सगळं आपल्या मापाचं हवं.

दस्तगीर मिस्त्रींनी तो हट्ट मनावर घेतला. हा माणूस टेप खिशात ठेवायचा आणि आधी बाईंना चालायला, बसायला, हात वर करायला लावायचा. दाराची कडी, दिव्याचं बटण, गच्चीच्या जिन्याची पायरी, सगळं त्याने सिस्टरांच्या अंगावरून घेतलं. राहिलं ते ओट्याचं माप. त्यासाठी मिस्त्री तीनदा आले, विटा रचल्या, वर परात ठेवून सिस्टरांना पीठ मळायला लावलं, आणि तिन्ही वेळा "हे माप तुमचं न्हवं" म्हणत पेन्सिलीची रेघ पुसून टाकली. तिसऱ्या वेळी सिस्टर भडकल्या. "जमत नसेल तर सांगा, मी दुसरा मिस्त्री बघते!" असं तोंडावर बोलल्या. मिस्त्री नुसते हसले, टोपी झटकली आणि गेले. आठवड्याने निरोप आला तो त्यांच्या मातीचा. मग गिलावा सिद्रामने केला. भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, नेहमीचंच माप ठेव गं. उद्या घर विकायची वेळ आली तर?" सिस्टरांनी ताणलं नाही. त्यांच्या बाजूने ताणायला मिस्त्रीच उरले नव्हते.

पंखा नसलेल्या छताकडे बघता बघता त्यांच्या पापण्या जड होतात. कुठेतरी विटेवर थापी वाजते.

"जेवलासा का सिस्टर?"

स्वयंपाकघराच्या दारात दस्तगीर मिस्त्री उभे आहेत. कानावर नेहमीची चपटी लाल पेन्सिल, सदऱ्यावर चुन्याचे शिंतोडे. ते गेलेत हे सिस्टरांना पक्कं ठाऊक आहे. पण दारात आलेल्या माणसाला तसं बोलून दाखवणं बरं दिसत नाही, म्हणून त्या पदर सारखा करून उठतात.

"तुम्ही कधी आलात?"

"माप ऱ्हायलंय न्हवं आपलं? या हिकडं."

भिंतीलगत विटा रचलेल्या आहेत, वर परात, परातीत नाचणीचं पीठ. कोमट पाण्याचा तांब्याही आहे. सिस्टर मळायला लागतात. समोरची भिंत बघता बघता हिरवी होते, तिच्यावर सरकारी रंगाचे पोपडे धरतात, आणि हे त्यांच्या पहिल्या नेमणुकीचं क्वार्टर आहे. खिडकीच्या गजाला तोच टॉवेल वाळत घातला आहे. पायाखालचा पाट डुगडुगतो.

"उतरा त्याच्यावरनं," मिस्त्री म्हणतात.

"मग हात कसा पोचणार?"

मिस्त्री वाकून परातीखालची एक वीट काढून घेतात. सिस्टर पाटावरून उतरतात. पीठ आणखी थोडं मळून होतं, मनगट पुसावं म्हणून त्या वर बघतात, तर समोर बाळंतपणाचं टेबल आहे. त्यांच्या पायाखाली औषधांचं लाकडी खोकं, हातात मऊसूत ओलं काहीतरी, आणि ते रडतंय.

"माझी नात," दारातून मिस्त्री सांगतात. "माझ्या लेकीची, जैतूनची थोरली. ध्यानात हाय का?"

"पोटात आडवी होती," सिस्टरांना लगेच आठवतं. "जैतूनला सकाळी आठला आणलंत, सुटका झाली ती चार वाजता."

"तवा मी हितं, ह्या दारात हुतो. तुमचं त्वांड दिसंना, पडद्याखालनं नुसतं पाय दिसत हुतं. खोक्यावर चढून वर टाचा उचललेल्या. आठ तास." मिस्त्री बोटांनी आठ दाखवतात. "तवाच मनात धरलं, ही बाई कधी घर बांधंल तर ते आपुन बांधायचं. तिला जिमिनीवर उभी करायची."

 आयुष्यात सिस्टरांकडे पुष्कळांनी पाहिलं, पण ते हातांकडे. पायांकडे या एका माणसाचं लक्ष गेलं होतं.

"मिस्त्री, मी तुम्हाला वाटेल ते बोलले त्या दिवशी."

"बोललासा."

"तुमचं जाणं कळलं आणि मला दोन दिवस घास गोड लागला नाही. थँक्यूसुद्धा म्हटलं नव्हतं कधी. घराची एकेक कडी लावताना रोज मनात म्हणते, पण तुम्हाला कुठलं ऐकू येणार?"

"येतंय की." ते वाकतात आणि दुसरी वीट काढतात. "कडी लावताना खुट् हुतंय, ते येतंय."

सिस्टर हसतात आणि रडतातही. हातातलं रडणं थांबलं आहे, हाताखाली पुन्हा नाचणीचं पीठ आहे. समोर आपल्याच घराची भिंत, नवी, गिलाव्याची.

"आता मळा. आन् सिस्टर, टाचा."

"काय टाचांचं?"

"तिन्ही बारीला तुम्ही टाचा उचलल्या हुत्या. विटा ठेंगण्या रचल्या तरी उचलल्या. मी माप घेणार कुणाचं? तुमचं का त्या सरकारी ओट्याचं?"

सिस्टर खाली बघतात. टाचा खरोखरच अधांतरी आहेत. इतकी वर्षं कोणी खाली ठेव म्हटलं नाही, आणि त्यांनाही सुचलं नाही. त्या हळूच टाचा टेकवतात. फरशी गार लागते. कंबरेतून काहीतरी सैल होत जातं, खांदे उतरतात, आणि पीठ आपसूक हाताखाली येतं.

"हां," मिस्त्री समाधानाने म्हणतात. सिस्टरांच्या कोपराखाली एक मूठ धरतात, तिच्याखाली दुसरी. कानावरची पेन्सिल काढतात. "हे माप तुमचं."

"चहा तरी घेऊन जा!" सिस्टर म्हणतात, आणि स्वतःच्याच आवाजाने जाग्या होतात.

बाहेर सिद्रामची मोटारसायकल बंद होते. उन्हं उतरलेली नाहीत. सिस्टर पोत्यांवरून उठतात, गुडघ्याला हात लावत स्वयंपाकघरात येतात. विटा नाहीत, परात नाही. भिंतीवर मात्र लाल पेन्सिलीची एक आडवी रेघ आहे आणि तिच्या टोकाला कावळ्याच्या पायासारखी खूण.

सिद्राम मागून येतो आणि तिथेच थबकतो. दहा वर्षं तो मिस्त्रींच्या हाताखाली होता. अशी खूण दुसरं कोणी करत नाही.

"ही कवा मारली?" तो रेघेवरून बोट फिरवतो. मग बोट गिलाव्यावर थांबतं. हा गिलावा त्याने स्वतः केलेला, मिस्त्री गेल्यावर, त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातेहानंतर. तो टोपी काढतो. मग त्याला सुचतं तेच करतो. टेप काढून खालून रेघेपर्यंत धरतो.

"साडेअठ्ठावीस."

"तेवढाच घे," सिस्टर म्हणतात.

"पर सिस्टर, भाच्यास्नी..."

"भाच्याला भाकरी मी करून वाढीन. ओटा साडेअठ्ठावीस."

सिद्राम मान हलवतो. सिस्टर भिंतीपाशी जाऊन उभ्या राहतात, कोपर वाकवतात, खाली एक मूठ धरतात, तिच्याखाली दुसरी. बरोबर रेघ लागते. मग त्या खाली बघतात. दोन्ही टाचा फरशीवर आहेत.