चऱ्होलीच्या नावेवरचं इंजिन

मला अपराधी वाटायची सवयच आहे. घरात कप फुटला तरी आधी वाटतं, आपलाच धक्का लागला असेल. बायको म्हणते, हा एक आजारच आहे. असेलही. पण तो कधी जडला ते मला नेमकं सांगता येतं. घरच्या मचव्यावरची माझी जागा रिकामी सोडून मी चिंचवडला आलो, तेव्हापासून.

आमचं गाव कोकणात, खाडीच्या तोंडाशी. घरचा शिडाचा मचवा होता आणि वडिलांच्या मागे थोरला भाऊ त्याचा तांडेल, म्हणजे मचवा हाकणारा प्रमुख, झाला होता. त्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो. शिडाला माणसं लागतात. शीड ज्या लांबलचक तिरक्या काठीला बांधतात ती परबाण. मचव्यानं बाजू बदलली की ती अख्खी काठी डोलकाठीच्या या अंगावरून त्या अंगाला न्यायची. भरवाऱ्यात ते पाच माणसांचं काम. त्या पाचांत मी दामणीवर असायचो. दामण म्हणजे शिडाचा खालचा कोपरा आवरून धरणारा दोर. तांडेलानं मचव्याचं तोंड वाऱ्याकडे वळवलं की दामणवाल्यानं दोर सोडायचा. शीड फडफडतं, जोर जातो, मचवा आपोआप थांबतो. कुणी कुणाला सांगत नाही. तोंड वळलं की हात सुटतो.

एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. चिंचवड स्टेशनच्या अलीकडे एका शेठजींनी डिझेल इंजिनांचं लहानसं वर्कशॉप टाकलं होतं. विहिरीवर बसवायची इंजिनं. मी तिथं हेल्पर म्हणून लागलो आणि दोन-तीन वर्षांत फिटर झालो. एका शेतकऱ्याच्या घराला लागून खोली घेतली, लग्न झालं, बायकोला आणलं. आणि काय सांगू, मला ते आयुष्य फार आवडलं. भोंगा झाला की काम, भोंगा झाला की घर. पायाखालची जमीन हलत नाही, हे सुख ज्यानं दर्यावर दिवस काढलेत त्यालाच कळेल.

इकडे मी सुखात आणि तिकडे दादाची माणसं कमी होत चाललेली. एक चुलतभाऊ मुंबईच्या गिरणीत गेला. काकांना अंतर्गळाचा त्रास सुरू झाला. भाड्यानं घेतलेली माणसं ऐन हंगामात निघून जायची. शेवटी दादाचा निरोप आला. आता दोनच वाटा आहेत. एक तर मचव्यात इंजिन बसवायचं, म्हणजे तिघांत भागेल. नाहीतर नारळी पौर्णिमेच्या आत मी परत यायचं आणि दामण धरायची. पावसाळ्यात मचवे काठावर ओढून शाकारलेले असतात, तेवढ्या सवडीत तो इंजिन बघायला येणार होता.

म्हणजे दादानं इंजिन नाकारलं की माझी नोकरी, खोली, संसार, सगळं गुंडाळायचं होतं. थोरल्याला नाही म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती.

दादा आषाढात आला. एसटीतून उतरला तेव्हा हातात सुक्या बांगड्यांची पुडी. खोलीवर आल्या आल्या त्यानं चारी भिंतींकडे बघितलं आणि माझ्या बायकोला म्हणाला, "बाय, वारा कुटून येतो हितं?"

"दारातून," ती म्हणाली. "दार उघडं ठेवलं तर."

"आनि हा कुत्रा दार लावून झोपत आसंल," दादा माझ्याकडे बोट करून म्हणाला.

मी इंजिनाचं कौतुक सुरू केलं. बाजारात सगळ्यांच्या आधी पोचशील, मासळी ताजी, भाव तुझा. वारा पडला तरी अडायचं नाही. दादा ऐकत होता. गावातल्या म्हाताऱ्यांनी त्याच्या डोक्यात पुष्कळ भरवलं होतं. इंजिनाच्या आवाजानं मासा पळतो, मासळीला तेलाचा वास लागतो. तो एकेक शंका काढायचा आणि मी ती खोडून काढायचो. वर्कशॉपमध्ये नेऊन त्याला चालू इंजिन दाखवलं. त्यानं त्यावर तळहात ठेवला, चटका बसला, हात झटकला. "ही बाय तापट हाय," एवढंच म्हणाला.

जे मी सांगितलं नाही ते असं. खाऱ्या पाण्यानं इंजिन गार ठेवायचं तर आतलं बिडाचं लोखंड हळूहळू खाल्लं जातं. दमट हवेत सकाळी सुरू करताना हँडल मारून मारून खांदे निखळतात. डिझेलमध्ये जरा कचरा आला की ते आत फवारणारा नोझल तुंबतो आणि मग ऐन दर्यात ते नुसतं ओझं होतं. हे मला रोजच्या कामातून ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो होतो. रात्री बायको हळूच म्हणाली, "तुमी त्यांना इंजिन विकताय की सल्ला देताय?" मी कूस बदलली.

काठावरचं इंजिन बघून दादाचं समाधान होईना. "पान्यावर दाखव," म्हणाला. शेठजींना कोकणची गिऱ्हाइकं हवीच होती. त्यांनी एक जुनं इंजिन आणि रविवारपुरती बैलगाडी दिली. चऱ्होलीला इंद्रायणीवर तेव्हा नाव चालायची. बैल, माणसं, वैरण, सगळं पलीकडे नेणारी रुंद, चपटी नाव. नावाडी गावातलाच शेतकरी होता, मिशाळ आणि तोंडाळ. नाव ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बाहेर काढायला तळाला भोक पाडायचं म्हटल्यावर तो अंगावर आला. "आवं राव, माज्या बाच्या नावंला भोक पाडता व्हय?" म्हणून मी पंख्याचा दांडा मागच्या फळीवरून तिरका पाण्यात सोडला आणि इंजिन दोऱ्यांनी, पाचरींनी घट्ट आवळलं. या जोडणीला क्लच नव्हता. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. थांबायचं तर माझ्या हातातली बंद करायची कळ ओढायची, दुसरा उपाय नाही. हे दादाला मी दोनदा सांगितलं.

पावसानं उघडीप दिली होती. नदी भरून, तांबडी, पण संथ. पश्चिमेचा वारा मात्र चांगला होता. दादानं मागं बसून सुकाणूचं वल्हं घेतलं, मी इंजिनापाशी, नावाडी पुढे उकिडवा. हँडल मारलं, इंजिन खोकलं आणि लागलं. काठावरची पोरं ओरडली. नाव निघाली.

सुरुवात छान झाली. वारा पाठीशी घेऊन आम्ही खालपर्यंत गेलो, वळलो, मधल्या एका लहान भोवऱ्याला वळसा घातला. दादाचा डावा हात मात्र सारखा मांडीवरून उठायचा, हवेत काहीतरी चाचपायचा आणि परत मांडीवर यायचा. तो दोर शोधत होता. मला ते बघवेना. वाटलं, याला हे नको आहे. हा माझ्या शब्दासाठी बसलाय आणि मी त्याला फसवतोय.

परत येताना नदीला एक वळण आहे. तिथून नाव लावायची उताराची जागा अगदी जवळ, आणि वळणावर वारा समोरून यायचा तो थेट त्या उताराच्याच काठावरून. दादाला वाटलं आलो, आता थांबावं. आणि त्यानं जन्मभर जे केलं तेच केलं. वल्हं दाबून नावेचं तोंड सरळ वाऱ्याकडे वळवलं आणि निवांत बसून राहिला, आता थांबेल म्हणून.

आणि मी? कळ माझ्या मुठीत होती. पण तोंड वाऱ्याकडे वळलेलं बघितलं आणि माझा हात सुटला. दामण सोडल्यासारखा, आपोआप. कळ सोडून मी वर बघत बसलो. वर शीडही नव्हतं आणि डोलकाठीही नव्हती. नुसतं ढगाळ आभाळ.

नाव थांबली नाही. दणदणत गेली ती काठावर चढलीच. चिखलात निवांत बसलेली एक म्हैस उठून पळाली. पुढे बसलेला नावाडी उडून बाजरीच्या शेतात पडला. अर्धी नाव जमिनीवर, अर्धी पाण्यात, आणि मागे पंखा नुसता चिखल उडवतोय. तेव्हा कुठं मी कळ ओढली.

एकदम शांत झालं.

"आवं पाव्हणं," बाजरीतून आवाज आला. "आमी नाव पान्यात चालवतो! रानात चालवायला आमच्याकडं बैलगाड्या हायेत!"

कुणाला लागलं नव्हतं. नावाडी चिखल पुसत नावेच्या फळ्या तपासायला लागला. दादा मात्र वल्हं हातात धरून तसाच बसला होता, समोर बघत. मला वाटलं, संपलं. आता तो उठेल, धोतर झटकेल आणि म्हणेल, चल, सामान बांध. आणि एकदा संपलंच आहे म्हटल्यावर मला खोटं बोलायचं काही कारण उरलं नाही.

मी नावेच्या काठावर बसूनच त्याला सगळं सांगून टाकलं. खारं पाणी काय करतं, नोझल कसा तुंबतो, दमट सकाळी काय हाल होतात. म्हटलं, "हे सगळं मला ठाऊक होतं दादा. मी मुद्दाम बोललो नाही. कारण मला परत यायचं नाही. मला दर्यावर नाही जगायचं. हे तोंडावर सांगायची छाती नव्हती, म्हणून तुझ्या गळ्यात हे इंजिन बांधत होतो."

दादानं माझ्याकडे बघितलं. "झालं सांगून?"

"झालं."

"तुला परत यायचं नाय हे मना ठावं नाय व्हय? आईला ठावं हाय, काकांना ठावं हाय, मचव्यालासुद्धा ठावं आसंल. आनि तू दामनीवर आसताना आमी किती येळा भिजलो ते इसरलास? तू परत नको यायला म्हनून तर मी हितवर इंजिन बगाय आलो."

नावाडी तिकडून म्हणाला, "म्हंजे ह्यो तिकडंबी आसाच हात सोडून बसायचा का?"

"आसाच," दादा म्हणाला. "सोडायच्या वक्ताला धरायचा आनि धरायच्या वक्ताला सोडायचा."

दोघं हसायला लागले. मलाही हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. मी चिखल पुसायच्या निमित्तानं तोंड धुतलं.

मग दादा उठला, नावेच्या टोकाशी गेला आणि तोंड वाऱ्याकडे करून उभा राहिला. वारा त्याच्या सदऱ्यात भरत होता. मागे वळून म्हणाला, "ही वाऱ्याच्या तोंडात सरळ गेली रे."

मला आधी कळलं नाही तो काय म्हणतोय.

"सरळ गेली! वारा समोर आनि ही सरळ गेली. आपला मचवा कदी गेला हाय?"

नव्हता गेला. शिडाचा मचवा वाऱ्यासमोर सरळ जाऊच शकत नाही. एकदा डावीकडे तिरकं, एकदा उजवीकडे तिरकं, असं नागमोडी जावं लागतं. दर वळणाला परबाण फिरवायची. घरची चूल पेटलेली दिसायची, आई दारात उभी दिसायची, आणि वारा जमिनीवरून असला की तेवढ्याशा पाण्यात आमची अख्खी संध्याकाळ जायची. तोवर मासळी डोळे टाकायची. वडील शेवटी आजारी होते त्या हंगामातही असंच व्हायचं. ते पुढे बसून घराकडे बघत राहायचे, आणि आम्ही घराला पाठ करून परबाण फिरवत असायचो. दादाच्या मनात तेच असणार.

"अजून येकदा घे," तो म्हणाला. "ह्या टायमाला उगाच वाऱ्यासमोर चालव. कुटं जायचं नाय. नुसतं चालव."

नावाड्यानं आधी शिव्या दिल्या, मग गावातली चार माणसं बोलावली. नाव ढकलून पाण्यात आणली. नदीचा सरळ पट्टा धरून आम्ही वर निघालो. वारा तोंडावर, लाटा फळीवर आपटून आमच्या अंगावर. दादा पार भिजला होता. त्याचा डावा हात आता मांडीवर शांत होता. मधेच तो ओरडून काहीतरी म्हणाला. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पण तो हसत होता.

दादानं इंजिन घेतलं, पण मचव्याची डोलकाठी काढली नाही. तिघांना आवरेल एवढं लहान शीड ठेवलं. तुझा तो नोझल तुंबला की काय तुला हाका मारू चिंचवडात, म्हणाला. पुढे मी सांगितलेली एकूण एक दुखणी त्या इंजिनाला झाली. दर पावसाळ्यात रजा काढून मी गावी जायचो आणि ते उघडून साफ करून बसवायचो. गावातल्या म्हाताऱ्यांचे टोमणे ऐकायचो. पण तेवढं मला चाललं. परबाण फिरवण्यापेक्षा कधीही चाललं.

त्याच वर्षी नारळी पौर्णिमेला मी गेलो तो फिटर म्हणून, हाताला ग्रीस लागलेलं. दर्याला नारळ देऊन इंजिनवाला मचवा पहिल्यांदा बाहेर पडला आणि दुपारी परत आला, घराकडे तोंड करून, त्या दिवशी नेमक्या जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यासमोर सरळ. आई दारात उभी होती. नांगराच्या जागेपाशी आल्यावर दादानं, न बोलता, सवयीनंच, मचव्याचं तोंड जरा आणखी वाऱ्याकडे वळवलं. मी इंजिनापाशी होतो, पण या वेळी हात सोडला नाही. कळ ओढली. आवाज थांबला, मचवा थोडा पुढे सरकला आणि उभा राहिला.

"बगितलंस?" दादा मागून म्हणाला. "थांबतो की."

मी पाय पसरून, इंजिनाला पाठ टेकून बसलो. ते गरम होतं. किती तरी दिवसांनी मला कशाचंच वाईट वाटत नव्हतं.